अनाहूत मनीऑर्डर आणि तीन प्रश्न

दारात पोस्टमन उभा आहे, मनीऑर्डरच्या फॉर्मवर सही किंवा अंगठा घेऊन तो नोटा मोजून देत आहे, हे दृश्य महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून शतकाहून अधिक काळ परिचयाचे होते. बहुतेक मनीऑर्डरींची घरात वाटच पाहिली जात असे. मुलगा मुंबईला गिरणीत आहे, थोरला फौजेत आहे, महिन्याच्या दहा तारखेपर्यंत पैसे यावयाचे, असा हिशेब ठरलेला असे. परंतु कधी कधी जिची वाट पाहिलेली नाही, जिचा पाठविणारा ओळखीचा नाही किंवा जिचे कारण उमगत नाही, अशीही मनीऑर्डर येई. तिचे काय करावे, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. वस्तुतः त्यात व्यवहार, कायदा आणि नीती या तिहींचा गुंता आहे.

कागदी मनीऑर्डर २०१५ साली बंद झाली आणि तिची जागा इलेक्ट्रॉनिक मनीऑर्डरने घेतली. प्रश्न मात्र त्यामुळे मिटला नाही. उलट तो अधिक घरांपर्यंत पोचला. अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील वलगावसारख्या गावात आज पोस्टमनची जागा मोबाइलवरील एका ओळीच्या संदेशाने घेतली आहे. खात्यात दोन हजार रुपये जमा झाले, एवढेच तो संदेश सांगतो. ते अनुदान आहे, विम्याची भरपाई आहे, की कोणा अनोळखी माणसाने चुकीचा क्रमांक दाबल्यामुळे ते आले आहेत, हे त्यावरून अनेकदा समजत नाही. संदेश वाचताच घरात बियाण्याचा, मुलीच्या फीचा आणि किराणा दुकानातील उधारीचा हिशेब सुरू होतो.

हा हिशेब चुकीचा नाही, पण तो फार लवकर सुरू होतो. अनपेक्षितपणे आलेल्या पैशाबाबत तीन प्रश्न आहेत. हा पैसा कोणाचा? तो कशासाठी आला? आणि तो कोठे खर्च करावा? सामान्यतः माणूस तिसऱ्या प्रश्नापासून आरंभ करतो आणि पहिले दोन प्रश्न पुढे तहसीलदाराच्या नोटिशीने किंवा पोलिसांच्या चौकशीने त्याच्यापुढे उभे केले जातात. हा क्रम सुधारणे, हेच या विषयाचे सार आहे.

शिरस्ता आणि कायदा

भारतात टपाल खात्याने मनीऑर्डरचे काम १८८० साली सरकारी खजिन्याकडून आपल्या हाती घेतले. कोकणातील कित्येक गावांचा संसार मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरींवर चालला. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांतील संप सुरू झाला, तेव्हा त्याची झळ गिरणगावाइतकीच त्या दूरच्या घरांनाही पोचली. या पद्धतीचे यश तिच्या साधेपणात होते. वीस रुपयांस एक रुपया या प्रमाणात कमिशन, पाठविणाऱ्याचे नाव व पत्ता, पैसे घेणाऱ्याची सही, आणि फॉर्मच्या तळाशी चार ओळी लिहिण्यापुरते कूपन. पैसा आणि त्याचे कारण अशा रीतीने एकाच कागदावर प्रवास करीत. ज्याच्या नावे मनीऑर्डर आली त्याला ती नाकारण्याचीही मुभा असे; मग ती रक्कम पाठविणाऱ्याकडे परत जाई.

कायद्यानेही या व्यवहाराचा बारकाईने विचार केला होता. १८९८ च्या भारतीय टपाल कायद्याच्या ४४ व्या कलमान्वये पैसे पाठविणाऱ्याला आपली मनीऑर्डर परत मागविता येई किंवा घेणाऱ्याचे नाव बदलता येई. ४७ वे कलम अधिक कडक होते. एकाची मनीऑर्डर चुकून दुसऱ्याला दिली गेली, अथवा देय रकमेपेक्षा अधिक रक्कम हाती पडली, आणि त्या माणसाने ती सबळ कारणावाचून परत केली नाही, तर ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची त्यात तरतूद होती. कारण सबळ होते, हे सिद्ध करण्याची जबाबदारीही पैसे ठेवून घेणाऱ्यावरच होती. जमीन महसुलाची थकबाकी म्हणजे काय आणि तिच्यापाठोपाठ जप्ती कशी येते, हे वऱ्हाडातील शेतकऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाही.

तो कायदा आता राहिला नाही. २०२३ चा नवा टपाल कायदा जून २०२४ पासून अमलात आला. परंतु मूळ तत्त्व त्याहूनही जुन्या कायद्यात आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ७२ वे कलम सांगते, की ज्याला चुकीने किंवा जबरदस्तीमुळे पैसा दिला गेला, त्याने तो परत केलाच पाहिजे. येथे करार झालेला नसतो, कोणी वचन दिलेले नसते. तरीही देणे उत्पन्न होते. म्हणजे चूक दुसऱ्याची असली तरी तिचा नफा आपला होत नाही. याउपर, पैसा दुसऱ्याचा आहे हे कळूनही तो अप्रामाणिकपणे स्वतःसाठी वापरणे हा भारतीय न्याय संहितेच्या ३१४ व्या कलमाखाली गुन्हा ठरतो. त्यास किमान सहा महिने आणि कमाल दोन वर्षे कारावास व दंड अशी शिक्षा आहे. ‘बँकेने टाकले, मी काढले’ हा बचाव चावडीवर टाळ्या मिळवील, न्यायालयात तो टिकणे कठीण.

दिल्लीला गेलेली मनीऑर्डर

पैसा कोणाचा, याइतकाच तो का आला हा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याचे अलीकडचे उदाहरण नाशिक जिल्ह्यातील आहे. २०१८ च्या नोव्हेंबरात निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याने साडेसात क्विंटल कांदा बाजारात नेला. किलोला एक रुपया चाळीस पैसे भाव मिळाला आणि हाती १,०६४ रुपये आले. ते त्याने घरी नेले नाहीत. वर ५४ रुपये कमिशन भरून त्याने ते पंतप्रधानांच्या नावे मनीऑर्डरने पाठवून दिले.

दिल्लीच्या कार्यालयाच्या दृष्टीने ही खरोखरच अनाहूत मनीऑर्डर होती. कार्यालयाने ती स्वीकारली नाही. रोख रक्कम घेतली जात नाही, पैसे द्यावयाचे तर ते बँकेमार्फत द्यावेत, अशा आशयाचा निरोप येऊन रक्कम निफाडला परत आली. नियमाच्या चौकटीत पाहिले तर यात काही गैर नव्हते. आपला नसलेला अथवा योग्य मार्गाने न आलेला पैसा परत करावा, हे तत्त्व सरकारी कार्यालयालाही लागू आहे. तथापि त्या पैशाचे कारण कोणाला कळले, हा प्रश्न उरतोच. १,०६४ रुपयांनी देशाच्या तिजोरीत भर पडावी म्हणून काही ते पाठविले नव्हते. तो एक जबाब होता. चार महिने राबून पिकविलेल्या मालाची किंमत काय होते, याचा पुरावाच त्या शेतकऱ्याने टपालात टाकला होता. रक्कम परत झाली. उत्तर मात्र त्यासोबत गेले नाही. पैसा परत करणे सोपे असते, त्याचा अर्थ ध्यानात घेणे अवघड असते, एवढा बोध या प्रकरणातून निघतो.

वलगावची शिकवण

अशा पैशाविषयी वऱ्हाडाला शिकवण हवी असेल, तर ती शोधण्यास दूर जावयास नको. २० डिसेंबर १९५६ रोजी संत गाडगे महाराजांना अमरावतीकडे नेत असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांचे देहावसान झाले. वलगावचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते मुख्यतः या घटनेमुळे. ज्यांच्या हाती आयुष्यभर लोकांनी न मागता पैसा दिला, अशा माणसांत गाडगे महाराजांची गणना पहिल्याने करावी लागेल. त्यांच्या कीर्तनाला हजारो लोक येत, आणि देणारे हात त्यांतूनच पुढे होत. त्या पैशातून पंढरपूर, आळंदी, नाशिक, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या, नदीकाठी घाट बांधले गेले, शाळा व वसतिगृहांना हातभार लागला. महाराजांच्या अंगावरची चिंध्यांची गोधडी आणि हातातले गाडगे मात्र शेवटपर्यंत तेच राहिले. संस्थांच्या मिळकतीवर आपल्या कुटुंबीयांचा हक्क असणार नाही, याची दक्षता त्यांनी घेतली. १९५२ साली सर्व कामाची व्यवस्था गाडगे महाराज मिशनकडे सोपविण्यात आली.

या आचरणाला नुसते वैराग्य म्हणणे अपुरे होईल. त्यात हिशेबाची एक पक्की समज आहे. हातात आलेला प्रत्येक पैसा आपला नसतो. तो ज्या हेतूने दिला गेला, त्या हेतूचा तो असतो. विश्वस्ताची कल्पना कायद्याची पुस्तके जड भाषेत मांडतात. अक्षरओळख नसलेल्या या माणसाने ती जगून दाखविली.

या समजेला घरच्या अनुभवाची पार्श्वभूमीही होती. लहानपणी ते मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाकडे वाढले आणि मामांची जमीन सावकाराच्या पाशात गेलेली त्यांनी पाहिली. मुलीच्या बारशाला मांस-मद्याचा रूढ बेत मोडून त्यांनी गोडाचे जेवण घातले. पुढे कीर्तनातून ते हेच सांगत राहिले, की कर्ज काढून सण साजरे करू नका, देवाला नवस करून पैसा उधळू नका, पोटाला चिमटा घ्या पण पोरांना शिकवा. त्यांच्या कार्याचा आरंभ जेथे झाला, ते भातकुली तालुक्यातील पूर्णेकाठचे तीर्थ ऋणमोचन या नावाने ओळखले जाते. ऋणातून सुटका हे तेथल्या श्रद्धेचे फळ मानले जाते. महाराजांनी त्या श्रद्धेला स्वच्छतेची, श्रमाची आणि काटकसरीची जोड दिली.

अवचित पैसा आणि माणसाचा स्वभाव

संतांनी सांगितलेली काटकसर माणसाच्या हातून का घडत नाही, याचा शोध अर्थशास्त्रानेही आपल्या परीने घेतला आहे. मिल्टन फ्रीडमन यांनी १९५७ साली असे प्रतिपादन केले, की माणूस खर्च करतो तो आपल्या कायमच्या उत्पन्नाच्या अंदाजाने. एखाद्या वेळी अवचित आलेली रक्कम तो बहुतांशी बाजूला टाकतो. सिद्धान्त नीटनेटका होता. परंतु अमेरिकेत १९५० साली त्याची परीक्षाच जणू होऊन गेली होती. दुसऱ्या महायुद्धातील माजी सैनिकांना त्यांच्या सरकारी विम्यातील शिल्लक म्हणून त्या वर्षी सुमारे २८० कोटी डॉलर अनपेक्षितपणे वाटण्यात आले. रोनाल्ड बॉडकिन यांनी १९५९ साली त्या कुटुंबांच्या खर्चाची तपासणी केली, तेव्हा या पैशाचा मोठा हिस्सा खर्च झाल्याचे दिसले.

याच्या उलट चित्र इस्रायलमध्ये आढळले. नाझी अत्याचारांची भरपाई म्हणून पश्चिम जर्मनीकडून तेथील कुटुंबांना एकरकमी पैसा मिळाला. मॉर्डेकाय क्राइनिन यांच्या १९६१ च्या अभ्यासानुसार त्यातला थोडाच भाग खर्च झाला, बाकीचा शिलकीत राहिला. या दोहोंचा मेळ मायकेल लँड्सबर्गर यांनी १९६६ साली घातला. रक्कम उत्पन्नाच्या मानाने लहान असेल तर ती उडून जाते, मोठी असेल तर ती जपली जाते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या किंवा कारकुनाच्या दृष्टीने यातला मर्म ओळखणे अगत्याचे आहे. त्याच्याकडे अवचित येणारा पैसा बहुधा लहान असतो, म्हणजे तो उडून जाण्याच्याच जातीचा असतो. दोन हजारांचा एक हप्ता हातात टिकत नाही. तीन हप्त्यांचे सहा हजार एकदम पाहिले तर त्यांत एका एकराच्या बियाण्या-खताचा बराचसा खर्च निघू शकतो. रक्कम तीच, तिच्याकडे पाहण्याची रीत निराळी. आणि पुढे ती परत करण्याची वेळ आलीच, तर लहान रक्कम खर्चून बसलेल्याचीच अधिक कोंडी होते.

चुकून आलेले अनुदान

ही वेळ काल्पनिक नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजना सुरू झाली. वर्षाला सहा हजार रुपये, तीन हप्त्यांत, थेट खात्यात. प्राप्तिकर भरणारे, सेवेत असलेले वा निवृत्त सरकारी कर्मचारी (चतुर्थ श्रेणी वगळून), दरमहा दहा हजार वा अधिक निवृत्तिवेतन घेणारे, व्यवसाय करणारे वकील, डॉक्टर, अभियंते हे योजनेत बसत नाहीत, हे नियमांत स्पष्ट होते. तरीही जुलै २०२० पर्यंत २० लाखांहून अधिक अपात्र व्यक्तींच्या खात्यांत सुमारे १,३६४ कोटी रुपये गेल्याचे माहितीच्या अधिकारातून उघड झाले. पुढे तहसील कार्यालयांतून वसुलीच्या नोटिसा निघाल्या. २०२४ साली राज्यात सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेच्या छाननीतही २०२५ मध्ये दोन हजारांहून अधिक सरकारी महिला कर्मचाऱ्यांनी लाभ घेतल्याचे आढळले.

या आकड्यांत सगळेच लबाड होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सातबारा नावावर आहे म्हणून कोणीतरी अर्ज भरला, पैसे आले, नियम कोणी वाचून दाखविले नाहीत, अशी साधी माणसे त्यांत पुष्कळ असणार. परंतु शिक्षक, लिपिक, प्राध्यापक यांना ही सबब लागू पडत नाही. शासकीय परिपत्रक कसे वाचावे, हे ज्या वर्गाला गावात सर्वांत चांगले कळते, त्याच वर्गाने ‘सरकारचाच पैसा आहे’ असे म्हणून गप्प बसावे, ही गोष्ट लांच्छनास्पद होय. सरकारचा पैसा म्हणजे कोणाचाच नसलेला पैसा नव्हे. वलगावच्या कोरडवाहू शेतकऱ्याने आगपेटीवर भरलेला करही त्यात असतो.

दोष एकट्या घेणाऱ्याचा मात्र नाही. ज्या यंत्रणेने पडताळणी न करता पैसे पाठविले, तिने वर्षभरानंतर सारी रक्कम एकदम मागावी आणि घेणाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे, हे न्यायाचे नाही. जुन्या मनीऑर्डरला कूपन होते. आजच्या खात्यातील नोंदीला इंग्रजी आद्याक्षरांचे कोडे असते. कोणत्या योजनेचा, कोणत्या काळाचा आणि कोणत्या अटीवर हा पैसा आला, हे मराठीत सांगणारे दोन ओळींचे कूपन प्रत्येक जमेसोबत पाठविणे शासनाला व बँकांना अवघड नाही. अपात्र माणसाने चूक आपणहोऊन कळविली, तर त्याला सोसेल अशा हप्त्यांत परतफेडीची सवलत मिळावी. किसान सन्मान निधीच्या संकेतस्थळावर रक्कम परत भरण्याची सोय आहे. ती गावच्या तलाठ्याकडे आणि सेतू केंद्रातही सहज उपलब्ध असली पाहिजे. प्रामाणिकपणाला वाट करून दिल्याशिवाय प्रामाणिकपणाची अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

मग पैशाचे काय करावे?

व्यवहारात उतरावयाचे तर क्रम सरळ आहे. पाठविणारा कोण हे कळेपर्यंत आलेल्या रकमेला हात लावू नये. पासबुकावर नोंद करून घ्यावी आणि बँकेच्या किंवा टपाल कार्यालयाच्या खिडकीवर चौकशी करावी. पैसा चुकून आला असेल तर तसे लेखी कळवून पोच घ्यावी. ‘चुकून तुमच्या खात्यात पैसे आले, या क्रमांकावर परत पाठवा’ असा फोन आला, तर परस्पर पैसे मुळीच पाठवू नयेत. या युक्तीने अनेकांची खाती रिकामी झाली आहेत आणि कित्येकांची खाती चोरीच्या पैशाची वाट बनली आहेत. परतफेड बँकेमार्फतच व्हावी. फसवणुकीची शंका येताच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

चौकशीअंती पैसा आपलाच ठरला, तर मग तिसरा प्रश्न उभा राहतो आणि त्याचे उत्तर बरेच सोपे झालेले असते. ज्या कर्जाचे व्याज सर्वांत जड, ते आधी. खासगी सावकाराचे देणे असेल तर त्याच्या तुलनेत कोणतीही ठेव, कोणतीही भिशी फायद्याची ठरत नाही. त्यानंतर सोसायटीचे पीककर्ज. राज्य शासनाने २०२१ साली डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेखाली वेळेवर फेडणाऱ्यास तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज बिनव्याजी ठरेल असा निर्णय घेतला. मुदत टळली की ही सवलत जाते. तेव्हा मुदतीच्या आधी हाती आलेले दोन-चार हजारही तेथे मोलाचे ठरतात. मग मुलांची फी आणि पुस्तके. त्यानंतर आजारपणासाठी टपालाच्या बचत खात्यात थोडी गंगाजळी. सणासाठी, लुगड्यासाठी, यात्रेसाठी थोडे काढून ठेवण्यात काहीच पाप नाही. ते या यादीच्या शेवटी असावे, इतकेच.

याउलट ज्या घरात देणे नाही आणि गरजही नाही, तेथे आपलाच ठरलेला अवचित पैसा कसा वापरावा, याचा कित्ता गाडगे महाराजांनी घालून दिला आहे. गावच्या शाळेच्या वाचनालयाला, वसतिगृहातील एखाद्या मुलाच्या जेवणाच्या खर्चाला त्यातून हातभार लावता येतो. अट एकच: तो पैसा खरोखर आपला असला पाहिजे. दुसऱ्याच्या पैशाने केलेल्या दानाचे पुण्य दुसऱ्याच्याच खात्यात जमा होते, आणि वसुलीची नोटीस तेवढी आपल्या नावाने येते.